संगणक केव्हा सुधारावा, केव्हा बदलावा?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत धम्मावर बोलायचे सोडून हे संगणकावर काय बोलणार, असे काही ज्येष्ठांना वाटले असेल. परंतु हा विषय मी निवडलेला नाही, तो आपल्या अभ्यासिकेने निवडला आहे. अभ्यासिकेतील दहा संगणक जुने झाले आहेत. ते हँग होतात, अर्ध्यावर बंद पडतात, अशी मुलांची तक्रार आहे. कार्यकारिणीपुढे दोन सूचना आल्या आहेत. एक म्हणते, सगळे संगणक काढून टाका आणि नवे घ्या. दुसरी म्हणते, चालतात तोवर चालू द्या, तोच पैसा गरजू मुलांच्या परीक्षा शुल्काला उपयोगी पडेल. दोन्ही सूचना तळमळीने केलेल्या आहेत. परंतु दोन्हींमध्ये एक उणीव आहे. आपल्या मुलांचे काम नेमके कोठे अडते, हे अजून कोणी मोजलेले नाही.

तथागतांनी दुःख सांगितले, मग दुःखाचे कारण सांगितले, मग त्याचा निरोध आणि शेवटी मार्ग सांगितला. हा क्रम वैद्याचा आहे. रोगाचे कारण न शोधता औषध देणारा वैद्य जसा धोकादायक, तसाच कारण न शोधता खरेदी करणारा खजिनदारही धोकादायक. आजच्या भाषणाचा सारांश मी आरंभीच सांगून टाकतो. यंत्राचे वय पाहू नका, विद्यार्थ्याचे काम पाहा. काम अडत नसेल तर एक रुपयाही खर्च करू नका. काम अडत असेल तर जुन्यावर भागवूही नका.

पैसा कोणाचा?

संस्थेच्या पेटीतला पैसा हा कोणा एका धनिकाचा नाही. त्यात निवृत्त कामगाराच्या पेन्शनमधले शंभर रुपये आहेत, धुणीभांडी करणाऱ्या मावशींची वर्गणी आहे, पहिला पगार झाला म्हणून एखाद्या मुलीने दिलेले दान आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवण्यासाठी. दुसऱ्या एका प्रसंगी दीघजाणू नावाच्या गृहस्थाला त्यांनी समजीविता म्हणजे आय आणि व्यय यांचा मेळ सांगितला. अति उधळपट्टीही नको आणि अति कंजूषपणाही नको. संगणकाची खरेदी हीसुद्धा याच कसोटीला लावली पाहिजे.

ऐकीव गोष्टी बाजूला ठेवा

केसपुत्त नगरातील कालामांना भगवंतांनी सांगितले की, एखादी गोष्ट केवळ ऐकिवात आहे, परंपरेने आली आहे किंवा आपल्या गुरूने सांगितली आहे म्हणून खरी मानू नका. संगणकाच्या बाबतीत आपण नेमके उलट वागतो. दुकानदार म्हणाला, शेजारच्या वर्गात नवे आले, पुतण्या म्हणाला, एवढ्यावर आपण निर्णय घेतो.

अशा ऐकीव गोष्टींपैकी सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे “तीन वर्षांत संगणक जुना होतो.” ही गोष्ट एके काळी खरी होती. १९९३ साली पेंटियम प्रोसेसर आला तेव्हा त्याची गती साठ मेगाहर्ट्झच्या आसपास होती. २००० साली ती एक हजारावर गेली आणि २००४ च्या अखेरीस तीन हजार आठशेपर्यंत पोहोचली. त्या काळात तीन वर्षांपूर्वीचे यंत्र खरोखरच निकामी वाटे. पण त्यानंतर प्रोसेसर फार तापू लागले आणि ही धाव मंदावली. पुढच्या वीस वर्षांत हा आकडा सहा हजारांच्या आसपासच आला. एका प्रोसेसरमध्ये अनेक गाभे बसवून कंपन्यांनी प्रगती केली, ती प्रगती खरी आहे. परंतु अर्ज भरणे, पत्र टाइप करणे, ऑनलाइन व्याख्यान ऐकणे या कामांना आठ-दहा वर्षांपूर्वीचा बरा प्रोसेसर आजही पुरतो.

दुसरी गोष्ट हिशेबाच्या वहीतून येते. संगणकावर दरसाल चाळीस टक्के घसारा धरला तर शंभर रुपयांच्या यंत्राची पुस्तकी किंमत पाच वर्षांत आठ रुपयांच्या खाली येते. ताळेबंदात संगणक जवळजवळ शून्य झाला म्हणजे तो टेबलावरही शून्य झाला, असे होत नाही. घसारा हा हिशेबाचा नियम आहे, यंत्राच्या प्रकृतीचा दाखला नव्हे.

संगणक कोठे अडतो?

ज्यांनी संगणकाची पेटी कधी उघडून पाहिली नाही, त्यांच्यासाठी अभ्यासिकेचेच उदाहरण देतो. प्रोसेसर म्हणजे अभ्यास करणारा विद्यार्थी. रॅम म्हणजे त्याच्यापुढचे टेबल. हार्ड डिस्क म्हणजे खोलीच्या टोकाला असलेले पुस्तकांचे कपाट. विद्यार्थी हुशार आहे, पण टेबलावर दोनच पुस्तके मावतात, तर त्याला दर पाच मिनिटांनी उठून कपाटाकडे जावे लागेल. त्यातून कपाटाचे दार जाम झालेले असेल तर सगळा वेळ दाराशीच जाईल. अशा वेळी “याहून हुशार विद्यार्थी आणा” असे म्हणण्यात काय अर्थ आहे? टेबल मोठे केले पाहिजे, दार नीट केले पाहिजे.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. सामान्य डेस्कटॉपची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे आठ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद थांबावे लागते. वाचणारे डोके योग्य जागी सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या ठिकाणची माहिती ही डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी वेळा आणू शकते. विंडोज सुरू होताना तर हजारो लहान-लहान फाइली वाचाव्या लागतात. एस.एस.डी.मध्ये फिरणारा भागच नाही. तिला एका वाचनास मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. आपल्या मुलांना जो संगणक “म्हातारा” वाटतो, त्याचे मूळ बहुधा या फिरत्या तबकडीत असते.

मोजायचे कसे?

यासाठी इंजिनिअर बोलवावा लागत नाही. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के गुंतलेली आहे ते दिसते. संगणक रडत असतो त्याच वेळी हे पाहायचे, तो निवांत असताना नव्हे.

डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर वीस टक्के असेल तर नवा प्रोसेसर घेऊन काहीही होणार नाही. परंतु येथे घाई करू नका, मेमरीचा आकडाही पाहा. मेमरी काठोकाठ भरली असेल तर संगणक उरलेला पसारा डिस्कवर ठेवू लागतो. तेव्हा डिस्क दमलेली दिसते, पण दोष टेबल लहान असण्याचा असतो. अशा ठिकाणी आधी रॅम वाढवावी. मेमरी मोकळी असूनही डिस्क शंभरावर असेल तर एस.एस.डी. बसवावी.

प्रोसेसर सतत शंभर टक्के दिसत असेल तर तो कोणत्या प्रोग्रॅमसाठी राबतो आहे ते त्याच यादीत पाहा. अनेकदा ते दोन-दोन अँटिव्हायरस असतात, अपडेट असते, नाहीतर कोणीतरी पेनड्राइव्हमधून आणलेली घाण असते.

आणि तिन्ही आकडे खाली असूनही पान उघडत नसेल तर? तर दोष संगणकाचा नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायच्या दिवशी हजारो मुले एकाच संकेतस्थळावर येतात. त्या दिवशी जगातला सर्वांत महाग संगणक आणला तरी चक्र फिरतच राहील. त्यावर उपाय एकच, अर्ज आठ दिवस आधी भरणे. याला काही खर्च नाही, फक्त शिस्त लागते.

आधी बिनखर्चाचे उपाय

पेटी उघडून धूळ काढा. आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या खोल्यांत वर्षभरात पंख्यावर धुळीचा थर जमतो. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो, आणि आपण म्हणतो संगणक म्हातारा झाला. पंखा स्वच्छ करणे आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे एवढ्यानेही काही यंत्रे सुधारतात. संगणक सुरूच होत नसेल तर रॅमची पट्टी काढून, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसून पुन्हा बसवून पाहा.

काही संगणक दररोज सकाळी जुनी तारीख दाखवतात आणि मग बँकेचे किंवा अर्जाचे पान “सुरक्षित नाही” म्हणून उघडत नाही. याचे कारण मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. २०३२ क्रमांकाची ही बॅटरी घड्याळजीकडेही मिळते आणि तिला अगदी किरकोळ पैसे पडतात. एवढ्यासाठी संगणक भंगारात जाऊ नये.

विजेकडेही लक्ष द्या. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर किंवा दम संपलेल्या यू.पी.एस.वर नवा संगणक लावला तर तोही लवकरच जुन्याच्या रांगेत बसेल.

थोडा खर्च, मोठा फरक

आता विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावा असा एक हिशेब सांगतो. समजा, एका कामात विद्यार्थ्याला शंभर सेकंद वाट पाहावी लागते. त्यांतील सत्तर सेकंद डिस्कमुळे, वीस इंटरनेटमुळे आणि दहा प्रोसेसरमुळे जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला तर दहाचे पाच होतील आणि एकूण वाट पंच्याण्णव सेकंदांची राहील. एवढा खर्च करून फरक मुलाच्या लक्षातही येणार नाही. याउलट डिस्क दहापट वेगाची बसवली तर सत्तरचे सात होतील आणि एकूण वाट सदतीस सेकंदांवर येईल. संगणकशास्त्रात हा विचार जीन अॅमडाल यांच्या नावाने ओळखला जातो. अनेक प्रोसेसर एकत्र चालवण्याच्या संदर्भात त्यांनी तो १९६७ साली मांडला. त्याचा साधा अर्थ असा की, जो भाग मुळात थोडाच वेळ खातो, तो कितीही सुधारला तरी एकूण लाभ थोडाच होतो.

म्हणून आपल्यासारख्या अभ्यासिकेत पहिला खर्च बहुधा एस.एस.डी.वर आणि दुसरा रॅमवर करावा. चार जी.बी. रॅमवर आजचे ब्राउझर गुदमरतात. आठ जी.बी.वर अर्ज, टाइपिंग आणि व्याख्यान ही कामे सुखाने चालतात.

परंतु बाजारात जाण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. पहिली, रॅमची जात. डी.डी.आर. तीन, चार आणि पाच यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. दुसरी, मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारतो. तिसरी, विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे. नेहमीच्या ३२ बिटच्या विंडोजला चार जी.बी.पलीकडची मेमरी वापरताच येत नाही. तेथे आठ जी.बी. बसवणे म्हणजे बंद खोलीचे भाडे भरणे होय.

भाव मी मुद्दाम सांगत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले आणि कालचे कोटेशन आज चालेनासे झाले. तेव्हा खरेदीच्या आठवड्यातच तीन ठिकाणची लेखी कोटेशन मागवावीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातील बाजारात जुने सुटे भागही मिळतात. जुनी रॅम तपासून घेण्यास हरकत नाही. जुनी हार्ड डिस्क मात्र घेऊ नये, कारण तिचे किती आयुष्य सरले हे विकणारा सांगत नाही.

सुधारणा केव्हा थांबवावी?

आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी म्हण आहे. जुन्या संगणकात नवा प्रोसेसर घालायला जाणे म्हणजे बहुतेक वेळा हेच होते. नवा प्रोसेसर जुन्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून मदरबोर्ड बदलावा लागतो. नव्या मदरबोर्डला जुनी रॅम चालत नाही, म्हणून रॅम बदलावी लागते. मग एस.एम.पी.एस. कमी पडतो. मोठ्या कंपन्यांच्या लहान पेट्यांत तर बाजारातला साधा एस.एम.पी.एस. बसतही नाही. एक वासा बदलायला गेलो आणि घरच उतरवावे लागले, अशी गत होते.

म्हणून एक ढोबळ नियम सुचवतो. सुधारणेचा एकूण खर्च त्याच कामाला पुरेल अशा नव्या संगणकाच्या निम्म्या किमतीवर जात असेल तर सुधारणा थांबवा. मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले असतील, यंत्र कारण नसताना वारंवार बंद पडत असेल, तरीही थांबा. आणि काम स्वतःच बदलले असेल, म्हणजे मुलांना व्हिडिओ संपादन किंवा इंजिनिअरिंगची रेखाटने शिकवायची असतील, तर त्या कामापुरते दोन-तीन नवे संगणक घ्या, दहाच्या दहा नव्हे. खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड हवे, असे मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, ते मी ऐकले आहे. तो खर्च संस्थेच्या पेटीतून होणार नाही, एवढे खजिनदारांच्या वतीने मीच सांगतो!

विजेचा हिशेबही कधी पुढे केला जातो. शंभर वॅट खाणारा संगणक रोज आठ तास, वर्षातून तीनशे दिवस चालला तर २४० युनिट होतात. चाळीस वॅटचा नवा घेतला तर १४४ युनिट वाचतील. युनिट दहा रुपये धरले तर वर्षाला चौदाशे चाळीस रुपये होतात. बचत खरी आहे, पण केवळ तेवढ्यासाठी चांगला चालणारा संगणक बदलावा एवढी ती मोठी नाही. दुसऱ्या कारणाने बदलायचाच असेल, तर मात्र ती जमेच्या बाजूला जरूर धरावी.

विंडोजचा प्रश्न

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. योगायोग असा की, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेची नियमित अपडेट देणे २०२५ सालच्या १४ ऑक्टोबरलाच थांबवले. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून पुढे एक वर्षाची मुदत देण्यात आली, पण ती मुदतच होती, तोडगा नव्हे. विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही नियमाने बाहेर पडते.

येथे “चालतो आहे, चालू द्या” हे म्हणणे धोक्याचे आहे. आपल्या अभ्यासिकेत मुले आधार क्रमांक, बँकेचे खाते, जातीचा दाखला हे सगळे त्याच यंत्रावर भरतात. ज्या कुलपाची दुरुस्ती कायमची बंद झाली, ते कुलूप तिजोरीला लावू नये.

मग काय करावे? प्रथम संगणकाच्या सेटिंगमध्ये टी.पी.एम. केवळ बंद करून ठेवलेले आहे का ते पाहावे. काही यंत्रांत ते असते, पण चालू केलेले नसते. यंत्र खरोखरच अपात्र असेल तर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली त्यावर घालता येते. तीत ब्राउझर मिळतो, लिबर ऑफिस मिळते, युनिकोड मराठी टाइप करता येते. अर्ज भरणे आणि अभ्यास करणे यांना ती पुरते. मात्र टाइपिंगच्या परीक्षेचे सराव-सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालणारे असेल, तर त्या कामापुरती यंत्रे विंडोज ११ चीच हवीत. येथेही निर्णय कामानेच करायचा आहे.

काटकसर आणि स्वाभिमान

विनयपिटकात एक सुंदर प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली की, हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय? त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे अभ्रे, अभ्र्यांच्या बैठका, बैठकांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकीही विरली की ती मातीत मळून जमीन लिंपू. दात्याचे दान वाया जाऊ द्यायचे नाही, हा त्यातील अर्थ. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. हिशेब चोख असला की दान वाढते, हेही त्यातून खजिनदारांनी लक्षात घ्यावे.

परंतु या प्रसंगाची दुसरी बाजूही आपण विसरता कामा नये. आनंदांनी विरलेले चीवर चीवर म्हणून कोणाला पांघरायला दिले नाही. जे ज्या कामाचे उरले, त्याच कामाला लावले. आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या काय मिळाले? उष्टे, शिळे आणि उतरलेले. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्टे-तुकडे स्वीकारू नका, असे आपल्या आजोबा-पणजोबांना सांगितले. त्या शिकवणुकीला शंभर वर्षे होत असताना आपल्याच अभ्यासिकेत “मुलांना काय, जुने चालेल” असे वाक्य कोणाच्या तोंडी येऊ नये. ज्या मुलीच्या घरी संगणक नाही, तिला तो पहिल्यांदा येथेच भेटतो. तो दहा मिनिटे हँग होऊन बसला, तर संगणक आपल्याला जमत नाही असे ती समजते. यंत्राचा दोष ती स्वतःच्या माथी घेते. हे नुकसान कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेले नसते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमवले. पुस्तक जुने होते, पण त्यातील ज्ञान कमी नव्हते. त्यांनी जेवणात काटकसर केली, ज्ञानात केली नाही. आपलीही कसोटी हीच असावी. एखादे कार्यालय जुने संगणक दान देऊ करीत असेल तर ते मोजून घ्यावेत. कामाला पुरत असतील तर आदराने स्वीकारावेत. त्यांचा कचरा आमच्या दारात टाकण्याचा तो प्रकार असेल, तर तितक्याच आदराने नकार द्यावा.

काढलेल्या यंत्राचे काय?

बदललेल्या संगणकाची चांगली रॅम, एस.एम.पी.एस. आणि कळफलक काढून राखीव ठेवावेत. दोन बंद यंत्रांतून एक चालू यंत्र उभे करता येते, आणि विद्यार्थ्यांना दुरुस्ती शिकण्यास त्यासारखी शाळा नाही.

डिस्क मात्र तशीच भंगारात देऊ नये. फाइल पुसली म्हणजे ती गेली, असे नाही. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये मुलांची आधार कार्डे, पासबुकांची पाने आणि दाखले वर्षानुवर्षे पडून असतात. योग्य सॉफ्टवेअरने संपूर्ण डिस्क पुसावी, किंवा बंद पडलेली असल्यास ती फोडूनच द्यावी. संस्थेच्या नोंदी त्याआधी दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवून घ्याव्यात.

उरलेला सांगाडा कोठे जातो, याचाही विचार व्हावा. दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातील मुरादाबादला संगणकाचे भाग हाताने फोडले जातात. तांब्यासाठी वायरी जाळतात, त्यांचा विषारी धूर श्वासात जातो, जुन्या डाखातले शिसे हाताला लागते. ते हात कोणत्या वस्त्यांतले असतात, हे या सभेत सांगायची गरज नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांची व्यवस्था आहे. चार पैसे कमी मिळाले तरी आपला कचरा तेथेच गेला पाहिजे. आपल्या मुलांची सोय दुसऱ्याच्या मुलांच्या फुफ्फुसावर होऊ नये, हीसुद्धा सम्यक आजीविकाच आहे.

माझी सूचना

शेवटी कार्यकारिणीला एक नम्र सूचना करतो. आज ना नवे घ्यायचा ठराव करा, ना जुने ठेवण्याचा. अभ्यासिकेतील चार-पाच विद्यार्थ्यांवर एक महिन्याचे काम सोपवा. प्रत्येक संगणकापाशी एक वही ठेवावी. केव्हा अडला, कोणत्या कामाला अडला, किती मिनिटे अडला आणि त्या क्षणी प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे आकडे काय होते, एवढे लिहावे. आधी सर्व यंत्रांची स्वच्छता करावी. मग एकाच संगणकात एस.एस.डी. आणि गरजेप्रमाणे रॅम घालून पाहावी. दोन आठवडे त्याची वही बाकीच्यांशी ताडून पाहावी. लाभ दिसला तर इतरांत घालावी. जी यंत्रे निम्म्या किमतीचा नियम मोडतील किंवा सुरक्षेत बसणार नाहीत, तेवढीच बदलावीत. आणि दरवर्षी वर्गणीतून थोडी रक्कम या कामासाठी राखून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी परीक्षा शुल्क आणि संगणक यांच्यात निवड करण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.

कदाचित दहापैकी सहा संगणक थोड्या खर्चात उभे राहतील, कदाचित तीनच राहतील. ते मी येथे उभा राहून सांगू शकत नाही आणि कोणी सांगितले तर आपणही त्यावर विश्वास ठेवू नका. वहीतील आकडे काय सांगतील तेच खरे. स्वतः पाहा, तपासा आणि मगच स्वीकारा, हे कालामांना सांगितलेले वचन ग्रंथात ठेवून पूजण्यासाठी नाही. ते कार्यकारिणीच्या बैठकीत, खरेदीच्या कागदावर सही करताना वापरण्यासाठी आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!